‘आमचो’ आणि ‘भायलो’



मुख्याध्यापिकेच्या पानावर परीक्षा, शिस्त आणि गुणवत्ता यांविषयी लिहिले जाते. या अंकात मी क्रिकेटविषयी लिहिणार आहे. हे वाचून काही विद्यार्थ्यांना आनंद होईल आणि काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे. कारण यात माझ्या एका चुकीची कबुली आहे आणि ती आपल्या शाळेपुढेच द्यायला हवी.

२०२२ च्या डिसेंबरमधली गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत एरवी पगारबिले आणि उत्तरपत्रिका यांची चर्चा असते. त्या आठवड्यात एकच विषय होता. अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून गोव्याच्या रणजी संघात आला होता आणि पर्वरीच्या मैदानावर राजस्थानविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने १२० धावा काढल्या होत्या. त्याच्या वडिलांनीही १९८८ च्या डिसेंबरमध्ये आपल्या पहिल्या रणजी सामन्यात शतक केले होते. त्यामुळे देशभरच्या वर्तमानपत्रांत अर्जुनचा फोटो होता.

आमचे एक ज्येष्ठ शिक्षक चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “त्याच डावात आमच्या सुयश प्रभुदेसाईने २१२ धावा केल्या, त्या कोणाला दिसल्या? दोघांची दोनशेच्या वर भागीदारी झाली. पण फोटो कोणाचा?”

दुसरे एक सर म्हणाले, “अहो, मुंबईत जागा मिळत नाही म्हणून इकडे यायचे आणि आमच्या एका मुलाची जागा जायची. गोवा काय धर्मशाळा आहे?”

शिपाईमामा पाण्याचा जग भरत होते. ते दोनच शब्द बोलले, “तो भायलो.”

मी गप्प राहिले. त्याचे कारण आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे. मीही ‘भायली’च आहे. माझे माहेर इंदूरचे. घरात मराठी, पण शाळा-कॉलेज सगळे हिंदी माध्यमातून झाले. लग्न होऊन डिचोलीला आले तेव्हा मला कोकणी कळत नव्हते आणि माझ्या मराठीतले हिंदी वळण ऐकून सासरची मुले हसत. पुढे या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली, तेव्हा “गावात कोणी मिळाले नाही काय?” असा प्रश्न विचारला गेला होता. तो मला रागाने नव्हे, अगदी सहज विचारला गेला, हेही नमूद करते. प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मात्र बोलून नव्हे, काम करूनच देता येत होते.

म्हणून अर्जुनवरचा वाद मी फार लक्षपूर्वक ऐकत असे. तो वाद संपला नाही. त्याच सुमारास मुंबईचा सिद्धेश लाड गोव्याकडून खेळायला आला आणि काही काळाने परत मुंबईकडे गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्याची परवानगी मागितली आणि मे महिन्यात तो अर्ज मागे घेतला. त्या महिन्याभरात आपल्या मुलांनी आनंद, अभिमान आणि अपेक्षाभंग हे तिन्ही अनुभवले.

माझे वडील इंदूरच्या होळकर संघाच्या गोष्टी सांगत. एका मराठी संस्थानिकाचा संघ, पण त्याचा मोठा खेळाडू ‘भायलो’च होता. सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. आज ज्याला आपण करार म्हणतो, तो त्या काळी असा होत असे. नायडूंनी इंदुरात काय केले? धावा तर केल्याच. पण इंदूरच्या गल्लीतला एक पोरगा त्यांनी हेरला आणि घडवला. त्याचे नाव मुश्ताक अली. १९३६ साली मँचेस्टरला त्याने ११२ धावा काढल्या. परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय. पुढे होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

याच संघाची दुसरी गोष्टही वडील सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडचा प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीवर महूला होता. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तो होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या. तरीही सामना मुंबईने जिंकला. युद्ध संपले आणि कॉम्प्टन मायदेशी गेला. त्याच्या खेळीची आठवण इंदुरात राहिली, पण त्याचा शिष्य राहिला नाही. वडील म्हणत, “पाहुणा किती खेळला ते फळ्यावर लिहिलेले असते. तो मागे काय ठेवून गेला, ते फळ्यावर नसते.”

आता गोव्याकडेही पाहू. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई १९५७ साली मुंबईला गेले आणि मुंबईकडूनच रणजी खेळले. तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा काढल्या आणि भारताने तिथे प्रथमच मालिका जिंकली. म्हणजे आपण ज्यांच्यावर सर्वाधिक अभिमान बाळगतो, ते मुंबईच्या संघात ‘भायले’च होते. गोव्याचा संघ रणजीत उतरला तो १९८५-८६ साली. पर्वरीचा स्वप्नील अस्नोडकर २००८ च्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून खेळला आणि ९ सामन्यांत ३११ धावा करून विजेत्या संघाचा सलामीवीर ठरला. राजस्थानात त्याला कोणी ‘भायलो’ म्हटले असेल काय? म्हटले असेल, तर आपल्याला ते आवडले असते काय?

तो राजस्थानचा संघ त्या वर्षीच्या आठ संघांमध्ये सर्वांत कमी किमतीला विकला गेलेला संघ होता, आणि करंडक त्यानेच नेला. उलट, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या लिलावात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी रुपये मोजले. आयपीएलच्या लिलावातली तोवरची ती सर्वांत मोठी रक्कम होती. पण २०२५ च्या हंगामात शेवटच्या सामन्यातले शतक सोडले, तर त्याला सूर सापडला नाही. त्यामुळे तो वाईट खेळाडू ठरत नाही. लिलावातली रक्कम म्हणजे बाजाराने केलेला अंदाज असतो, एवढेच त्यावरून कळते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

२०२४ च्या जूनमध्ये आपल्या नववीच्या वर्गात एका मुलाने प्रवेश घेतला. त्याचे वडील मोपाच्या बाजूला चाललेल्या बांधकामावर वेल्डिंगचे काम करायला उत्तरेतून आले होते. मुलाला मराठी येत नव्हते, कोकणी तर मुळीच नाही. पहिले काही दिवस शाळेत त्याच्याशी मोकळेपणी बोलणारी मी एकटीच होते, कारण हिंदी ही माझी शिक्षणाची भाषा. पावसाळा ओसरल्यावर मुले मैदानावर आली आणि या मुलाने पहिल्याच दिवशी तीन जणांच्या यष्ट्या उडवल्या. डावखुरा जलदगती गोलंदाज, शिवाय फलंदाजीही दणदणीत. आठ दिवसांत तो शाळेच्या संघात आला.

संघात अकराच जागा असतात. एकाला बाहेर काढावे लागले. जो बाहेर गेला तो गावातलाच, नववीतलाच, पाचवीपासून शाळेच्या प्रत्येक सामन्याला हजर असणारा मुलगा. फलंदाजी बेताची, गोलंदाजी नाही. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी यादी माझ्याकडे आणली आणि म्हणाले, “मॅडम, गुणवत्तेप्रमाणे केले आहे.” मी सही केली. त्या सहीत माझ्या मनातला एक कोपरा सुखावला होता, हे आज मान्य करते. बाहेरून आलेल्याला न्याय मिळाला, असे मला वाटले. जो बाहेर गेला त्याचा विचार मी केला नाही.

मुलांनी मात्र केला, पण त्यांच्या पद्धतीने. आपल्याकडे आता गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धांना खेळाडूंचा लिलाव होतो, गुणांवर बोली लागते. मुलांच्या तोंडी तीच भाषा. त्या मुलाला वर्गात ‘अनसोल्ड’ हे नाव पडले. आणि नव्या मुलाला? त्याला ‘भायलो’. दोघेही नववीतले, दोघांनाही नावे ठेवली गेली आणि या दोन्ही नावांचा मला पत्ता नव्हता.

त्याच नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या रणजी संघाने पर्वरीला अरुणाचल प्रदेशविरुद्ध विक्रम केला. स्नेहल कौठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, दोघांची अखंड ६०६ धावांची भागीदारी, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. गोव्याने २ बाद ७२७ वर डाव सोडला. त्याआधी अरुणाचलचा संघ ८४ धावांत गारद झाला होता. त्या डावात अर्जुनने २५ धावांत ५ बळी घेतले होते. त्या दिवशी आपल्या शिक्षकखोलीत पेढे वाटले गेले. ‘आमचो’ आणि ‘भायलो’ हा भेद तेवढ्यापुरता कोणाला आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी नववीच्या तासाला मी मुलांना एक प्रश्न विचारला. प्रतिस्पर्धी दुबळा असताना काढलेल्या ३०० धावा आणि बलाढ्य संघापुढे अडचणीच्या वेळी काढलेल्या ४० धावा, यांतले मोल कशाचे जास्त? त्या वर्षी गोवा रणजीच्या खालच्या, म्हणजे प्लेट गटात होता, हे मुलांना माहीत होते. विक्रम खोटा नाही. पण धावसंख्या एकटी बोलत नाही, तिला परिस्थिती विचारावी लागते. त्या दिवशी वर्गात असा वाद रंगला की घंटा झालेली कोणाला कळली नाही.

त्या तासाला मी अमेरिकेतल्या बेसबॉलचे एक उदाहरण दिले होते. २००२ साली ओकलंड शहराच्या संघाचे मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी पैसे देऊन नेले. उरलेल्या थोड्या पैशांत संघ बांधायचा होता. त्यांच्या व्यवस्थापकांनी इतरांनी न मोजलेली गोष्ट मोजली. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडले की फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. त्यात टाळ्या पडत नाहीत. पण अशा प्रकारे तळावर पोचणारे खेळाडू स्वस्तात मिळत होते आणि सामने जिंकून देत होते. त्या वर्षी ओकलंडने सलग २० सामने जिंकले. न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघाच्या साधारण एक-तृतीयांश खर्चात त्याच्याइतकेच, म्हणजे १०३ सामने जिंकले. अंतिम विजेतेपद मिळाले नाही, हेही सांगितले. मोजमाप बरोबर असले तरी नशीब आणि दिवस यांचा वाटा उरतोच.

आपल्या शाळेची धावपुस्तिका नववीतली एक मुलगी ठेवते. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली. “टीचर, मीही एक वेगळी गोष्ट मोजते,” असे म्हणून तिने वही उघडली. शेवटच्या पानांवर तिने एक रकाना आखला होता : ‘वाचवलेल्या धावा’. कोणी चौकार अडवला, कोणी धाव रोखली, कोणी झेल सोडला, हे सगळे तिने सप्टेंबरपासून टिपून ठेवले होते. मी कौतुक केले, वही परत दिली आणि कामाला लागले. ती मुलगी मला काय दाखवत होती, ते मी नीट पाहिलेच नाही.

डिसेंबरमध्ये बांधकाम संपले. एका सोमवारी नवा मुलगा वडिलांबरोबर दाखला न्यायला आला. पुढचे काम दुसऱ्या राज्यात होते. जाताना तो वाकून नमस्कार करत म्हणाला, “मॅडम, टूर्नामेंट रह गया।” मलाही काही बोलता आले नाही. आंतरशालेय स्पर्धा जानेवारीत होती.

सरांनी साहजिकच बाहेर बसवलेल्या मुलाला बोलावले. तो आला नाही. त्याने खेळाच्या तासालाही मैदानावर उतरणे सोडले होते. बोलावल्यावर एवढेच म्हणाला, “म्हाका नाका, टीचर.” मला नको.

त्या संध्याकाळी मी धावपुस्तिका मागवून घेतली आणि शेवटची पाने प्रथमच नीट वाचली. ‘वाचवलेल्या धावा’ या रकान्यात सर्वांत वरचे नाव त्याचे होते. दुसरा क्रमांक त्याच्या जवळपासही नव्हता. तो संघातून गेल्यानंतरच्या सामन्यांत आपण त्याच जागेवरून चौकारांमागून चौकार दिले होते, तेही तिथे लिहिलेले होते. आम्ही गुणवत्तेप्रमाणे संघ निवडला, असे म्हणालो होतो. खरे तर जी गुणवत्ता डोळ्यांत भरते तेवढीच आम्ही मोजली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने अंगणात खुर्ची टाकली, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणला. म्हणाली, “टीचर, तो खेळला नाही तरी चालेल. पण घरात बोलतच नाही. भाऊ लहान आहे, तो याला ‘अनसोल्ड’ म्हणतो आणि हा ऐकून घेतो.” ते नाव मी तेव्हा प्रथम ऐकले. माझ्या शाळेत एका मुलाला दोन महिने या नावाने हाक मारली जात होती आणि मी मुख्याध्यापिका होते.

मी त्याला वही दाखवली. त्याने बोट फिरवत फिरवत रकाना वाचला. मग विचारले, “हें म्हजें?”

मी म्हटले, “होय रे, तुझेच. आणि मी ते वेळेवर वाचले नाही. चूक माझी.”

तो हसला नाही, रडलाही नाही. लगेच मैदानावर आला, असेही झाले नाही. जानेवारीची स्पर्धा आपण त्याच्याशिवाय खेळलो आणि पहिल्याच फेरीत हरलो. तो असता तर जिंकलो असतो, असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारीत एक दिवस तो सीमारेषेजवळ येऊन उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे गेला, त्याने तो उचलून यष्टीवर फेकला. सरांनी काही न बोलता त्याला आत घेतले. एवढेच.

आणि जो निघून गेला, त्याचे काय? मला वाटले होते, कॉम्प्टनसारखी फक्त आठवण राहिली. पण एकदा खिडकीतून सातवीची मुले खेळताना पाहिली. त्यांतले दोघे अगदी त्याच्यासारखा उजवा हात उंच करून, शेवटच्या पावलाला छोटी उडी घेऊन चेंडू टाकत होते. विचारले तर म्हणाले, “भय्याने शिकवले. मधल्या सुट्टीत.” त्यांच्या तोंडी तो ‘भायलो’ नव्हता, ‘भय्या’ होता, आणि त्या शब्दात टोमणा नव्हता, थोरला भाऊ होता. मला माहीत नसताना तो मुलगा आपल्या शाळेत थोडे नायडूंचे काम करून गेला होता.

या सगळ्यातून माझ्यापुरते मी जे समजले ते लिहिते. बाहेरचा घ्यावा की न घ्यावा, हा खरा वाद नाही. गोव्याने पाहुण्यांना दार लावले, तर उद्या सरदेसाईंसारख्या, अस्नोडकरांसारख्या आपल्या मुलांनी कोणाच्या दारात उभे राहावे? पण बाहेरचा घेतल्यावर घरच्याचे काय झाले, याचा हिशेब ठेवणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. शिक्षकखोलीतल्या ज्येष्ठ सरांचा प्रश्न रास्त होता. जागा एकाची जातेच. ज्याची गेली त्याला सराव, शब्द आणि पुढची संधी मिळाली, तर पाहुण्यामुळे संघ वाढतो. ते मिळाले नाही, तर पाहुणा गेला की आपण पहिल्यापेक्षाही गरीब होतो. आपले तसेच झाले, आणि त्यात पाहुण्याचा काहीच दोष नव्हता.

म्हणून २०२५ च्या जूनपासून आपण तीन गोष्टी केल्या आहेत. संघ अकराचा असला तरी सराव सोळा जणांचा होतो, आणि बाहेर बसलेल्यांनाही तेवढेच चेंडू खेळायला मिळतात. संघातून कोणाला काढले तर त्याचे कारण यादी फळ्यावर लागण्याआधी त्याला समोर बसवून सांगितले जाते. आणि ‘वाचवलेल्या धावा’ हा रकाना आता धावपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नाही, पहिल्या पानावर आहे. तो आखणाऱ्या विद्यार्थिनीचे मी इथे जाहीर आभार मानते. विश्वस्त मंडळींना एकच विनंती आहे. सरावाच्या दुसऱ्या जाळीचा प्रस्ताव आपल्यापुढे आहे, त्यावर लवकर विचार व्हावा.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की गुणपत्रिका हीसुद्धा एक धावपुस्तिकाच आहे. तिच्यात न मावणारा एखादा रकाना आपल्या मुलाजवळ असतो. तो आपण वाचला नाही, तर शेजारचे त्याला नाव ठेवतात आणि मूल तेच नाव खरे मानू लागते.

आणि विद्यार्थी मित्रहो, सामन्यांवर वाद जरूर घाला. कोणाला घ्यावे, कोणाला बसवावे, कोण किती कोटींचा, हे सगळे बोला. त्या वादातूनच गणित आणि न्याय दोन्ही शिकायला मिळते. फक्त कोटींचा हिशेब मैदानावरच्या मोठ्या खेळाडूंचा करा, शेजारच्या बाकावर बसलेल्याचा नको. आपल्या शाळेत लिलाव होत नाही, म्हणून इथे कोणी ‘अनसोल्ड’ही नाही.

सर्वांना येत्या क्रीडामहोत्सवासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

आपली,
मुख्याध्यापिका